निवड यादीत नाव आलं, पण घरावर कर्ज आहे: पडताळणीआधी काय तपासायचं

पोलीस भरती, अग्निवीर, सीआयएसएफ, भद्रावती किंवा जवाहरनगरची आयुध निर्माणी, बँकेतली क्लार्कची जागा. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या अभ्यासिकेत हीच नावं ऐकू येतात. यादी लागली, पेढे वाटून झाले, की त्यातल्या बऱ्याच पोरांच्या मनात एक धास्ती बसते. बाबांचं सोसायटीचं कर्ज थकलेलं आहे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरूच केलेला नाही, मोबाइल हप्त्यावर घेतला होता त्याचे चार हप्ते राहिले आहेत. आता पोलीस चौकशीला आले तर?

बँकेची नोकरी वगळली, तर नुसतं कर्ज थकलं म्हणून पडताळणीत, म्हणजे नेमणुकीआधीच्या पोलीस चौकशीत, नाव कटत नाही. नाव कटतं ते त्या कर्जातून उभ्या राहिलेल्या फौजदारी प्रकरणामुळे, आणि त्याहून जास्त ते प्रकरण फॉर्ममध्ये लपवल्यामुळे. म्हणून पडताळणीआधी रकमेचा हिशेब बाजूला ठेवा आणि आपलं कर्ज आज कोणत्या कागदापर्यंत पोहोचलं आहे, ते शोधा.

आधी अमेरिकेची भीती डोक्यातून काढा

यूट्यूबवर "सिक्युरिटी क्लिअरन्स" शोधलं की निम्मी माहिती अमेरिकेची निघते. तिथे गोपनीय कामावर घेताना एसएफ-८६ नावाचा फॉर्म भरून घेतात. मागच्या ७ वर्षांत एखादं कर्ज १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं होतं का, वसुली एजन्सीकडे गेलं होतं का, असं त्यात सरळ विचारलेलं असतं. २०१७ पासून लागू असलेल्या त्यांच्या १३ निकषांपैकी एक निकष पूर्णपणे पैशाच्या व्यवहारांवर आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला पैसे दाखवून गुपित काढून घेणं सोपं जातं, हा त्यामागचा विचार. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला अशा कारणांनी कर्ज झालं असेल आणि माणूस ते प्रामाणिकपणे फेडत असेल, तर तिथेही सवलतीने बघतात.

आपल्याकडे रीत वेगळी आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या नेहमीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी भरून घेतात त्या फॉर्ममध्ये, "तुमच्यावर किती कर्ज आहे" असा रकाना नसतो. अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं होतं का, कोणत्या परीक्षेला बसायला मनाई झाली होती का, असे प्रश्न असतात. तो नमुना जिल्ह्याच्या यंत्रणेमार्फत पोलिसांकडे जातो आणि शेवटी तुमच्या ठाण्याचा बीट जमादार गावात येतो. आयुध निर्माणीत किंवा पुलगावच्या दारूगोळा भांडारासारख्या ठिकाणी ही चौकशी जास्त बारकाईने होते, पण सुरुवात त्याच नमुन्यापासून होते. तरी तुमच्या हातात आलेला नमुना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शेजाऱ्याच्या पोराने दोन वर्षांपूर्वी काय भरलं होतं, ते विचारून भरू नका.

पहिली पायरी: कर्ज नेमकं कोणाच्या नावावर?

घरातले लोक "आपल्यावर कर्ज आहे" असं म्हणतात, तेव्हा त्यात सगळ्यांची सरमिसळ असते. ती वेगळी करा.

बाबांचं पीक कर्ज बाबांचंच. तुम्ही त्यात सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर ते तुमच्या नावावर कुठेच लागत नाही. बाप वारला तरी, केवळ मुलगा आहे म्हणून बापाचं कर्ज फेडायला मुलाला धरता येत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने ती जुनी जबाबदारी काढून टाकली. वारसाने जे शेत आलं, त्या शेतावर मात्र बोजा राहतो. सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात सोसायटीचं किंवा बँकेचं नाव दिसतं, ते त्याचंच. सातबाऱ्यावर बोजा असणं हा काही कलंक नाही. पऱ्हाटी आणि सोयाबीन पेरणाऱ्या गावात बोजा नसलेला सातबारा शोधूनच काढावा लागेल.

शैक्षणिक कर्जात मुख्य कर्जदार तुम्ही आणि बाबा सहकर्जदार. हे तुमचंच आहे. पॉलिटेक्निक किंवा नर्सिंगला असताना घेतलं, नोकरी लागली नाही म्हणून हप्ते सुरू झाले नाहीत आणि आता घरी बँकेची पत्रं येताहेत, अशी परिस्थिती फार घरांत आहे.

आईच्या बचत गटाचं किंवा फायनान्स कंपनीच्या गटाचं कर्ज आईच्या नावावर असतं. पण अशा कंपन्या कर्ज देताना घरातल्या एका पुरुषाची सही, आधार आणि फोटो घेतात. ती सही नुसता वारसदार म्हणून होती की सहकर्जदार म्हणून, ते आईला विचारून कळणार नाही. कर्जाचं कार्ड आणि करारनामा बघावा लागेल.

आणि जामीनकी. मामाने पतसंस्थेतून ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतलं, तुम्ही १८ पूर्ण केलेले, मामा म्हणाला "इथं सही मार बाबू". सहकारी संस्था थकबाकीसाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते, तेव्हा जामीनदाराचं नावही त्यात येतं. माझं स्पष्ट मत आहे की भरतीची तयारी करणाऱ्या पोराने कोणाचाही जामीन राहू नये, मामा रुसला तरी चालेल. राहिलाच असाल, तर निदान ते खातं चालू आहे की थकलं आहे, याची माहिती ठेवा.

सावकाराकडून घेतलेले पैसे कोणत्याही अहवालात दिसत नाहीत. त्याच्याकडे अडकलेले असतात ते कोरे चेक, सही केलेला स्टॅम्पपेपर, कधी थेट शेताची खरेदी. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे. त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. तक्रार करणाऱ्याच्या पडताळणीला त्याने बाधा येत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नोकरी लागेपर्यंत गप्प बसायचं म्हणून लोक सावकाराला आणखी कोरे चेक देतात.

दुसरी पायरी: कोणता कागद धोक्याचा, कोणता नाही

बँकेची मागणी नोटीस, वकिलाची नोटीस, सोसायटीची १०१ ची नोटीस, दिवाणी कोर्टातला वसुलीचा दावा हे सगळं दिवाणी स्वरूपाचं आहे. फौजदारी खटल्याच्या प्रश्नात ते येत नाही. लोकअदालतीची नोटीस बघून तर घरात रडारड होते. त्या नोटिशीवर बहुतेक वेळा "वादपूर्व प्रकरण" असं लिहिलेलं असतं. कोर्टात अजून काही दाखल झालेलं नाही, बँक तडजोडीला बोलावते आहे, एवढाच त्याचा अर्थ. जा आणि बोला.

धोक्याचे कागद मुख्यतः तीन आहेत.

पहिला, चेक न वटल्याचा खटला. परक्राम्य दस्तऐवज अधिनियमाचं कलम १३८ हे फौजदारी आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कर्ज देताना घेतलेले कोरे चेक इथे कामाला येतात. चेक परत आला की ३० दिवसांत नोटीस येते, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात आणि तरीही भरले नाहीत तर पुढच्या महिनाभरात तक्रार कोर्टात जाते. हे १५ दिवस फार मोलाचे आहेत. त्या मुदतीत पैसे भरले तर खटला उभाच राहत नाही. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नाहीत म्हणून परत गेला, तर त्यालाही २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ लागतं आणि शिक्षा तशीच आहे. मोबाइलच्या हप्त्यांतून असं होऊ शकतं, याचा पोरांना पत्ताच नसतो.

यातली खरी फसगत पुढे होते. कलम १३८ ची तक्रार थेट कोर्टात होते, ठाण्यात एफआयआर होत नाही. पोरगा छातीठोक सांगतो, "माझ्यावर पोलिसात एकही केस नाही." फॉर्ममध्ये मात्र कोर्टात खटला आहे का असं विचारलेलं असतं. आणि समन्स बजावायला कोर्ट ते ठाण्याकडेच पाठवतं. म्हणजे ज्या जमादाराने तुमच्या घरी समन्स आणलं, तोच पुढे पडताळणीला येऊ शकतो.

दुसरा, उसनवारीच्या भांडणातून झालेला गुन्हा. पैशावरून पानटपरीवर जुंपली, एकाचं डोकं फुटलं, दोन्हीकडून तक्रारी झाल्या. अदखलपात्र नोंद म्हणजे एनसी असेल तर तो खटला नाही, पण ठाण्याच्या नोंदीत ती राहते. दखलपात्र गुन्हा नोंदला असेल तर तो सांगावाच लागतो.

तिसरा कागद लोक अगदी विसरून जातात. अशा भांडणानंतर पोलीस दोन्ही बाजूंवर प्रतिबंधक कारवाई करतात. गावात तिला "१०७ ची कारवाई" किंवा "चॅप्टर" म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ती नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते. तहसीलमध्ये नेऊन बंधपत्रावर सही घेतात आणि सोडून देतात. "सोडून दिलं, म्हणजे काही झालंच नाही" असं घरचे समजतात. पण बंधपत्र घेतलं होतं का, हा प्रश्न केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात स्वतंत्रपणे विचारलेला असतो.

तिसरी पायरी: स्वतःची नोंद स्वतः आधी काढा

जमादाराला जे सापडू शकतं, ते तुम्हाला आधी माहीत हवं.

कोर्टाचं आधी बघा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जिल्हा आणि तालुका न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. आडनाव आधी, नाव आधी, वडिलांच्या नावासह, त्यांच्याशिवाय असं उलटसुलट करून शोधा. स्पेलिंग चुकीचं असण्याची शक्यता धरा. फायनान्स कंपन्या कधीकधी आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात तक्रार करतात, म्हणून नोटिशीवर ज्या शहराच्या वकिलाचा पत्ता आहे, तिथलं न्यायालयही तपासा. भरतीच्या तयारीला पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला राहिला असाल, तर तेही बघा. केंद्राच्या नमुन्यात मागच्या ५ वर्षांत जिथे वर्षभराहून जास्त राहिलात ते पत्ते मागतात आणि तिथल्या पोलिसांकडूनही पडताळणी होऊ शकते.

मग पतअहवाल. सगळे त्याला सिबिल म्हणतात, पण देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चौकातल्या सेतू केंद्रात किंवा ओळखीच्या एजंटाला त्यासाठी पाचशे रुपये देऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. गटाच्या कर्जाची शंका असेल तर क्रिफ हाय मार्कचा अहवाल नक्की बघा, त्या क्षेत्रात त्यांचं काम जुनं आहे.

३०० ते ९०० मधला गुणांक बघून अहवाल बंद करू नका. खाली एकेका खात्याचा इतिहास असतो. हप्ता किती दिवस उशिरा गेला, खातं "सेटल्ड" आहे, "रिटन ऑफ" (बँकेने बुडीत धरलेलं) आहे की पूर्ण बंद झालं आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. तुम्ही न घेतलेलं कर्जही तिथेच सापडतं. कर्ज देणाऱ्या ॲपवर मित्राला तुमचं आधार-पॅन वापरू दिलं असेल, तर ते इथे उघडं पडेल.

कर्जमाफीत बसलेल्या खात्याची गंमत वेगळीच. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना किंवा २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, दोन्हींत सरकारने पैसे भरले, घरात सगळे विसरले; बँकेने मात्र पतअहवालातली नोंद तशीच ठेवली, असं होतं. तुमच्याही नावावर शेत असेल आणि त्यावर पीक कर्ज घेतलेलं असेल, तर हे तपासाच. बँकेकडून बेबाकी दाखला (काही बाकी नसल्याचा) घ्या, नोंद दुरुस्त करायची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. एवढं वाक्य अर्जात लिहिलं तरी शाखेत फाइल हलते.

आता कर्ज देणारी बँकच त्या नावाने उरली नसेल तर? देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात गेली, अलाहाबाद बँक २०२० साली इंडियन बँकेत, आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आहे. जुनं पासबुक घेऊन नव्या बँकेच्या त्याच गावातल्या शाखेत जा. खातेक्रमांक बदलला असला तरी जुन्या क्रमांकावरून शोधता येतो.

गावच्या सोसायटीचं कर्ज पतअहवालात दिसेलच असं नाही. त्यासाठी गटसचिवाला गाठावं लागतं, आणि तो सोमवारी एका गावात तर मंगळवारी दुसऱ्या. नवं-जुनं केलेलं असेल, तर खातं कागदावर चालू असतं. ठरलेल्या मुदतीत भरून पुन्हा उचललं की व्याज सवलतही मिळते. पुनर्गठन केलेलं असेल तर त्याचा ठराव आणि नव्या हप्त्यांचा तक्ता मागून घ्या.

चौथी पायरी: आधी काय मिटवायचं

हातात पन्नास हजार आहेत आणि देणी तीन लाखांची. सगळ्यांना थोडे थोडे वाटून टाकायचा मोह होतो. तसं करू नका.

कलम १३८ चा खटला असेल तर पहिले पैसे तिकडे. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. राष्ट्रीय लोकअदालतीत अशी प्रकरणं मोठ्या संख्येने घेतात. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, ती तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच असते. तडजोड झाल्यावर आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवा. चेक परत मागा. तडजोड झाली, पण उरलेले चार कोरे चेक कंपनीकडेच राहिले, तर काम अर्धवटच झालं.

बाकीचा क्रम तुम्ही कुठे निघाला आहात त्यावर ठरतो.

पोलीस, सीआयएसएफ, अग्निवीर, आयुध निर्माणी: इथे थकीत हप्त्यांची घाई फौजदारी प्रकरणाइतकी नाही. बँकेशी लेखी बोला, छोटा हप्ता बांधून घ्या आणि दर महिन्याला भरल्याची पावती ठेवा.

बँकेची नोकरी: इथे मात्र नियम कडक आहेत. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी केल्याची नोंद असलेला, किंवा सिबिलचा प्रतिकूल अहवाल असलेला उमेदवार नेमणुकीला पात्र नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका उमेदवाराची रद्द झालेली नेमणूक रद्दच ठेवली. आपण सगळं कर्ज फेडलेलं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. तरीही फेडण्याआधीच्या थकबाकीची नोंद त्याला नडली. आयबीपीएस या सामायिक परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत भरती होणाऱ्या बँकांत थोडी सवलत आहे. रुजू होताना पतइतिहास चांगला हवा, किमान गुणांक प्रत्येक बँकेच्या धोरणाप्रमाणे. आणि नोंद सुधारली नसेल तर कर्ज देणाऱ्याकडून काही बाकी नसल्याचा दाखला आणावा लागतो, नाहीतर नेमणूकपत्र मागे घेता येतं.

म्हणून बँकेत जायचं ठरवलेल्याने "सेटलमेंट" या शब्दापासून लांब राहावं. वसुलीवाला म्हणतो, "साठ हजाराचे पंचवीस भर, विषय संपला." विषय संपत नाही. अहवालात "सेटल्ड" असं लागतं आणि ते राहतं. पोलीस भरतीच्या पोराला तो सौदा परवडेल, बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्याला परवडत नाही. त्याने उशिरा का होईना, पूर्ण रक्कम भरून खातं बंद करावं.

वसुलीवाले घरी येऊन दम देत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे त्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे. "तुझी नोकरी घालवतो, ठाण्यात कळवतो" ही धमकी पोकळ असते. त्यांच्याशी हाणामारी मात्र करू नका, नाहीतर तीच नोंद पडताळणीला आडवी येईल.

पाचवी पायरी: साक्षांकन नमुना भरताना

इथे खोटं लिहिलं की गेलंच असं समजा. नमुन्याच्या वरच इशारा छापलेला असतो की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात या विषयाची नियमावलीच घालून दिली. माहिती खरी हवी. प्रकरण किरकोळ असेल तर नोकरी देणाऱ्याला ते माफ करण्याचा अधिकार आहे. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असंही नाही, नियुक्ती अधिकारी पूर्वचारित्र्य तपासून निर्णय घेतो. आणि नमुन्यात जे नेमकं विचारलं आहे, तेवढंच सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. काही पोरं घाबरून "वडिलांवर एवढं कर्ज, माझ्यावर एवढं" असं समासात लिहून टाकतात. विचारलं नसेल तर लिहू नका. आणि विचारलेलं एकही सोडू नका. खटला मिटला असेल तरी "कधी खटला चालला होता का" या प्रश्नाचं उत्तर "होय" असंच येतं. खाली खटला क्रमांक, न्यायालय, तडजोडीची तारीख लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. १०७ च्या बंधपत्राचंही तसंच.

फॉर्म नेट कॅफेवाल्याकडून भरून घेत असाल, तर हा रकाना त्याच्यावर सोडू नका. तो सवयीने सगळीकडे "नाही" टाकत जातो.

जमादार घरी येतो तेव्हा

तो शेजाऱ्यांना विचारेल, पोलीस पाटलाला विचारेल, ठाण्याच्या नोंदी बघेल. घरच्यांनी त्याच्यासमोर कर्जाचं रडगाणं गाऊ नये आणि "आमच्याकडे एक रुपयाचं देणं नाही" अशी बढाईही मारू नये. विचारलं तर सरळ सांगावं: सोसायटीचं आहे, एवढं आहे, भरतो आहे. तुम्ही फॉर्ममध्ये जे लिहिलं आहे ते आईबाबांना आधी सांगून ठेवा. पोराने खटला लिहिलेला आणि बाप म्हणतो "छे, असं काही झालंच नाही", हे त्या जमादाराच्या अहवालात चांगलं दिसत नाही. आणि यासाठी कोणी "चहापाणी" मागितलं तर देऊ नका. ठाणेदाराला भेटा, नाही जमलं तर पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी द्या.

रुजू झाल्यावर

कर्जाचा प्रश्न अधिकृतपणे विचारला जातो तो इथून पुढे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम १७ सांगतो की कर्मचाऱ्याने सतत कर्जबाजारी राहणं आणि दिवाळखोरी टाळावी, आणि कर्जवसुलीची कोणतीही कायदेशीर कारवाई सुरू झाली तर सगळी हकीकत तात्काळ वरिष्ठांना कळवावी. म्हणजे रुजू होण्याआधी जो दिवाणी दावा फॉर्ममध्ये विचारलाही नव्हता, तोच रुजू झाल्यावर दाखल झाला तर कळवावा लागतो. राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही असंच बंधन आहे.

नियम १७ खाली एक टीप आहे. कर्ज आधी न दिसलेल्या, हाताबाहेरच्या कारणाने झालं, उधळपट्टीने नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कर्मचाऱ्यावर आहे. आपल्याकडच्या घरांत हे कारण बहुतेक वेळा खरंच असतं, पण त्याचा कागद नसतो. गारपिटीचा पंचनामा, गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत जाहीर झाल्याचा आदेश, बाबांच्या ऑपरेशनची बिलं, विमा कंपनीचं पत्र हे सगळं आजच एका फायलीत लावा. पाच वर्षांनी तलाठ्याकडे पंचनाम्याची नक्कल मागायला गेलात तर मिळेलच याचा भरवसा नाही.

कोर्टाने पगारावर जप्ती आणली, तरी सगळा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. जप्तीला पात्र पगार ३१,००० असेल, तर १०,००० च्या वर कापता येत नाही, आणि एका हुकूमनाम्यासाठी (कोर्टाच्या वसुलीच्या निकालासाठी) जास्तीत जास्त २४ महिने. सैन्य कायद्याखालच्या जवानाच्या पगाराला तर अशी जप्ती लागतच नाही. पण त्यामुळे अग्निवीराने निर्धास्त होऊन नवी गाडी हप्त्यावर घेऊ नये. पहिल्या वर्षी ३०,००० मधले ९,००० सेवा निधीत जातात आणि हातात २१,००० येतात. त्यातच जुन्या कर्जाचा हप्ता, घरी पाठवायचे पैसे आणि स्वतःचा खर्च.

आणखी एक बंधन पोरांच्या लवकर लक्षात येत नाही. ज्याच्याशी तुमचं सरकारी काम पडतं, किंवा जो तुमच्या अधिकाराच्या हद्दीत येतो, त्याच्याकडून उसनवारी करू नका. नियम १६ तेच सांगतो. नव्या शिपायाने हद्दीतल्या किराणावाल्याकडून वीस हजार घेतले, तर ती उसनवारी ठाण्यातल्या एखाद्या निनावी अर्जात लाच म्हणून फिरते.

नियम १७ खाली कळवायचं पत्र अर्ध्या पानाचं पुरतं: कर्ज कोणाचं, कधी आणि कशासाठी घेतलं, आज किती बाकी आहे, कोणत्या न्यायालयात कोणत्या क्रमांकाचं प्रकरण आहे आणि फेडण्याची तुमची योजना काय. सोबत समन्सची प्रत. आस्थापना शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या.